पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांच्या पत्नींसाठी पेन्युरी ग्रँट: अर्ज कुठे अडतो?

पायदळातला प्रत्येक जवान पेन्शनीवर घरी आला नाही. साठ-सत्तरच्या दशकात भरती झालेले कितीतरी जण काही वर्षं पलटणीत राहिले, १९६५ किंवा १९७१ ला आघाडीवर लढले आणि ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडले. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत वॉचमनची नोकरी केली. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते, ती त्यांची भरली नव्हती. आता ते गेले, मागे पत्नी आहेत, आणि घरच्यांना वाटतं की छातीवर १९७१ चं 'पूर्वी स्टार' किंवा 'संग्राम' पदक होतं म्हणजे काहीतरी पेन्शन असणारच. नुसत्या युद्धपदकावर पेन्शन मिळत नाही. हे ऐकून लोक निराश होतात आणि तिथेच थांबतात. थांबू नका.

केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्या माजी सैनिकांना दरमहा मिळणारी मदत, याच कुटुंबांसाठी आहे. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक किंवा, ते हयात नसतील तर, त्यांच्या पत्नी, वय ६५ च्या वर. रक्कम दरमहा ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती ८,००० झाली आहे. अर्ज बोर्डाच्या वेबसाइटवर भरायचा, तपासणी आणि शिफारस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. आधार, पासबुक, फोटो ही कामं एका दिवसात होतात.

त्याआधी डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक, उघडा आणि दोन गोष्टी वाचा. पहिली, सेवेतून सुटण्याचं कारण. मुदत संपून सुटले असतील तर चिंता नाही, बडतर्फी असेल तर अर्ज टिकणार नाही, आणि स्वतःच्या विनंतीवरून सुटले असतील तर सुटल्याच्या तारखेप्रमाणे नियम बदलतो, म्हणून कार्यालयात विचारून मगच पुढे जा. दुसरी, रिझर्व्हमधली, म्हणजे पलटण सोडल्यावर राखीव दलात मोजलेली वर्षं. पलटणीतली आणि रिझर्व्हची मिळून १५ भरत असतील तर तो रिझर्व्हिस्ट पेन्शनचा विषय होतो. मग ग्रँटच्या आधी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बुकच हरवलं असेल तरी तिथेच लिहायचं: पोलिसांकडची हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि आर्मी नंबर जोडून. नंबर आठवत नसेल तर जुनी पत्रं आणि पदकाची कड पाहा, तिथे तो बहुधा कोरलेला असतो.

खरी अडचण पत्नीच्या नावाची. जवान भरती झाला तेव्हा अविवाहित, लग्न सुटून आल्यावर, त्यामुळे बुकात बायकोचं नावच नाही. किंवा आहे, पण माहेरचं. बुकात 'सखू', आधारवर 'सखुबाई पांडुरंग', आणि गावच्या मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचं नाव 'पांडू'. तीन कागदांवर तीन माणसं झाली की अर्ज परत येतो. अशा वेळी लग्नाचा दाखला आणा म्हणून सांगतात. १९७३ साली खेड्यात मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? नवरा हयात नाही, त्यामुळे आता नोंदणी करणंही अवघड. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे उभ्या उभ्या ऐकवणं बरं नाही, पण ऐकवलं जातं. यावर मार्ग असा: मॅजिस्ट्रेटसमोरचं प्रतिज्ञापत्र, जुनं रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरची आई-वडिलांची नावं, असा संच करून रेकॉर्ड ऑफिसकडून पत्नीच्या नावाची नोंद करून घ्यायची. वेळ लागतो. पण ही नोंद होण्याआधी ऑनलाइन अर्ज भरू नका, फेटाळला की पुन्हा पहिल्यापासून.

मृत्यूची नोंदच गावात केली नसेल तर आणखी एक पायरी. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूच्या नोंदीला २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जिथे मृत्यू झाला तिथलं कार्यालय, ठाण्यातलं नव्हे.

वयाचंही पाहा. अनेक आजींच्या आधारवर फक्त जन्मसाल किंवा १ जानेवारी असते. आधारचं साल आणि बाकीच्या कागदांवरचं साल जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा.

आणि कुठल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचं? ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, त्यांचं कार्यालय अलिबागला. नवी मुंबई म्हटलं की सगळं ठाणे, असं धरून लोक चुकीच्या दारात रांग लावतात. त्यात माजी सैनिक म्हणून नोंदणी सातारा किंवा सांगलीच्या कार्यालयात असेल आणि आई आता मुलाकडे घणसोलीत राहत असतील, तर आधी तिकडची नोंद इकडे बदलून घ्या. दोन्हीकडे नोंद ठेवू नका. पत्नीचं स्वतःचं ओळखपत्रही याच कार्यालयातून मिळतं. नवऱ्याच्या जुन्या कार्डावर काम होत नाही.

बुकाची सगळी पानं स्कॅन करा, मोबाइलचा पिवळा, तिरका फोटो नको. शाई पुसट असलेली पानं दिवसा, उजेडात. यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला बुक हातात देऊ नका. खातं आईंच्या एकट्याच्या नावावर, चालू आणि आधारशी जोडलेलं आहे ना, ते अर्जाआधी बँकेत जाऊन विचारा.