गाठींचा गालिचा आणि टफ्टेड गालिचा: पाणी लावण्याआधी पाठ उलटून बघा

दोन्हींच्या चिठ्ठीवर ‘हातांनी बनवलेला, शुद्ध लोकर’ असं लिहिलेलं असू शकतं, आणि दोन्हीकडे ते खरंही असू शकतं. वरून बघितलं तर तीच वेलबुट्टी, तेच गडद लाल आणि निळे रंग, तीच दाट लव. पण एक गालिचा आरपार विणलेला असतो आणि दुसऱ्यात कापडात टोचलेली लोकर चिकटवून धरलेली असते. घरच्या साफसफाईत दोघांचंही नुकसान होऊ शकतं, फक्त वेगवेगळ्या जागी. गाठींच्या गालिच्याला भीती रंगांची आणि आतल्या सुताची, टफ्टेडला भीती लॅटेक्सची, म्हणजे लोकर धरून ठेवणाऱ्या रबरी चिकट थराची. त्यामुळे एकासाठी बरोबर असलेला सल्ला दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो.

ओळखायचं कसं? गालिचा उलटा करा. गाठींच्या गालिच्याच्या पाठीवर पुढचीच नक्षी स्पष्ट दिसते आणि ओळीने बसलेल्या बारीक गाठी नजरेत भरतात. यातली प्रत्येक गाठ सहसा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन धाग्यांवर मारलेली असते. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना वेढा घालते. फारसी गाठ एकाला वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून निघते. गाठींची एक ओळ पुरी झाली की आडवा धागा, म्हणजे बाणा, घालून ती ठोकून घट्ट बसवतात. 1 चौरस इंचात 100 गाठी धरल्या तरी 6 बाय 9 फुटांच्या गालिच्यात 7,77,600 गाठी होतात. दोन्ही टोकांच्या दशा म्हणजे त्याच ताण्याची मोकळी टोकं. मळल्या म्हणून त्या कापून टाकल्या, तर टोकाकडून गाठी सुटायला लागतात.

टफ्टेडची पाठ बहुधा कोऱ्या, जाडसर कापडाची असते. चौकटीवर ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या हत्याराने लोकरीचा धागा टोचत जातात, मागून लॅटेक्स फासतात, त्यावर अस्तर चिकटवतात आणि मग पुढून लव कातरून सारखी करतात. झालर असलीच तर ती नंतर शिवलेली किंवा चिकटवलेली. ती उचलून तिचं मूळ बघितलं की लगेच कळतं. तरीही शंका असेल तर लव बोटांनी फाकवून तळाशी बघा: गाठींच्या गालिच्यात धागा ताण्याला वळसा घालताना दिसतो, टफ्टेडमध्ये तो सरळ कापडात शिरलेला असतो. एक सावधगिरी मात्र हवी. पाठीवर नक्षी दिसली की गालिचा गाठींचाच, असं नाही. यंत्रावर विणलेल्या गालिच्यातही ती दिसते, फक्त तिथल्या ओळी संशय यावा इतक्या एकसारख्या असतात.

आता पाणी. टफ्टेडमध्ये लोकरीचा प्रत्येक झुबका केवळ लॅटेक्सच्या जोरावर उभा असतो. लॅटेक्समध्ये भर म्हणून बहुधा चुनखडीची भुकटी मिसळलेली असते, आणि काही वर्षांनी लॅटेक्स कोरडं पडून झिजायला लागलं की तीच पांढरी पूड खाली फरशीवर सापडते. अशा गालिच्याला भरपूर पाणी लावलं की ते लव, मूळ कापड, लॅटेक्स आणि अस्तर अशा थरांमध्ये अडकतं. वरची लव हाताला कोरडी लागते आणि आत ओल तशीच राहते. अस्तर सुटून फुगवटे येतात. दोन्ही कापडं सारखी आटत नाहीत, म्हणून कडा वळतात आणि मधे लाटा उठतात. शिवाय जुन्या लॅटेक्सला रबर-गंधकासारखा वास येतो, तो ओलीने आणखी भडकतो. लोक हा वास मळाचा समजून गालिचा पुन्हा धुतात आणि उरलंसुरलं लॅटेक्सही घालवतात. झिजलेलं लॅटेक्स धुऊन सुधारत नाही. जुनं अस्तर काढून नव्याने थर दिला तरच काही उपयोग, आणि तो खर्च पुष्कळदा गालिच्याच्या किमतीला भिडतो.

गाठींच्या गालिच्यात गोंद नसतो, म्हणून तो पाण्याला घाबरत नाही असं सरसकट सांगितलं जातं. अर्धं बरोबर आहे. तो बुडवून धुता येतो, पण त्यासाठी भरपूर वाहतं पाणी, ते झटपट पिळून काढायची सोय आणि सपाट वाळवायला मोठी जागा लागते. घरी यातलं पहिलं जमतं, बाकीची दोन क्वचितच. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे ‘वाळला’ असं वाटलेला गालिचा आत, सुती ताण्या-बाण्यात, ओलाच असतो. तिथे बुरशी धरली की सूत कुजतं. कुजलेला गालिचा वरून धडधाकट दिसतो. दुमडला की कटकट आवाज येतो, तो धागे तुटल्याचा असतो. दुसरी तक्रार दशांची. वाळताना पाणी सुतातली पिवळट-तपकिरी द्रव्यं ओढून टोकाला आणतं आणि पांढऱ्या दशा चहात बुडवल्यासारख्या होतात. वाळवण जितकी लांबते तितका हा डाग गडद. ओला गालिचा दोरीवर टाकणंही वाईट: सगळं वजन एका रेषेवर येतं, तिथला ताणा ताणला जातो आणि सैल झालेले रंग खाली उतरतात.

रंग सुटणं हा मात्र सगळ्यात मोठा धोका, कारण पसरलेला लाल रंग नक्षीच्या पांढऱ्या पार्श्वभूमीतून पुरता निघेल याची खात्री कुणी देत नाही. मंजिष्ठा किंवा नीळ वापरलेला जुना गालिचा पक्का आणि रासायनिक रंगाचा कच्चा, असा सोपा हिशेब चालत नाही. रंग नीट बसवला होता का आणि जादा रंग धुऊन काढला होता का, यावर ते ठरतं. काही गालिच्यांवर झिजलेल्या जागी शाईने हात फिरवलेला असतो, तीही पाण्याबरोबर निघते.

म्हणून दोन चाचण्या कराव्यात. आधी कोरडं पांढरं सुती कापड प्रत्येक रंगावर दहा-बारा वेळा घासा. रंग उतरला तर तिथेच थांबा. मग जे द्रावण वापरणार आहात त्यातच कापड भिजवून पिळा, कोपऱ्यातल्या लाल, गडद निळ्या आणि काळ्या रंगावर ठेवा आणि वर वजन ठेवून 10 मिनिटं थांबा. कापडावर फिकट गुलाबी छटा आली तरी उत्तर ‘नाही’ असंच धरा. चाचणी पास झाली याचा अर्थ एवढाच, की 10 मिनिटं ओला राहिला तर रंग सुटत नाही. रात्रभर ओला राहिलेल्या गालिच्याला हा निकाल लागू होत नाही. कित्येक गालिचे धुताना ठीक असतात आणि वाळताना बिघडतात.

साबणाच्या बाबतीत दोघांचं जवळपास सारखंच, कारण लव लोकरीची. लोकर म्हणजे प्रथिन, तिला 5 ते 7 पीएच मानवतो (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या वर अल्कली). कपडे धुण्याच्या पावडरचं द्रावण 10 च्या आसपास जातं. त्याने तंतू खडबडीत होतात आणि लोकरीवरचे बरेच रंग ढिले पडतात. एन्झाइमवाल्या पावडरीत प्रथिनाचे डाग तोडणारी द्रव्यं असतात, ती लोकरीलाही सोडत नाहीत. क्लोरिनचं ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं. गरम पाणी आणि ब्रशची घासाघीस एकत्र आली की लोकर नमद्यासारखी (दाबून बनवलेल्या जाड लोकरी कापडासारखी) आवळते, वाफेच्या यंत्रानेही तेच होतं. खाण्याचा सोडा भुरभुरायची टूम फार लोकप्रिय आहे. तो सौम्य अल्कली आहे, पण त्याची बारीक पूड लवेच्या तळाशी बसते आणि सगळी निघत नाही. टफ्टेडमध्ये तर नंतर दिसणारी पांढरी पूड सोड्याची की लॅटेक्सची, हेही कळेनासं होतं.

चमकदार भागांकडे वेगळं बघा. गाठींच्या भारी गालिच्यात ते रेशमाचे असू शकतात, टफ्टेडमध्ये बहुधा व्हिस्कोसचे, म्हणजे रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याचे. व्हिस्कोस ओलं असताना खूप कमजोर होतं, वाळल्यावर ताठ आणि पिवळट दिसतं. त्यावर नुसत्या पाण्याचाही डाग उरतो.

धूळ काढणं हे घरी करण्याजोगं खरं काम, आणि इथेही पद्धत वेगळी. गाठींचा गालिचा फरशीवर पालथा टाकून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा. मुळाशी रुतलेली वाळू खाली गळते, ती झाडून घ्या. मग सुलटा करून लवेच्या दिशेने, फिरता ब्रश बंद ठेवून, नुसत्या ओढीवर फिरवा. दशांपासून दूर राहा, नळीत ओढल्या की तुटतात. टफ्टेडला पालथा करून झोडपू नका, दुमडूही नका. लॅटेक्सला तडे जातात. तो फक्त पुढून आणि हलक्या ओढीने.

काही सांडलं तर पहिली पाच मिनिटं दोन्हीकडे सारखीच: पांढऱ्या सुती कापडाने बाहेरून आत टिपत या, घासू नका. कापड कोरडं यायला लागलं, की रंगाची चाचणी पास झालेल्या गालिच्यावर 1 लिटर थंड पाण्यात पाव चमचा सौम्य, रंगहीन भांड्यांचा साबण घालून, पिळलेल्या कापडाने पुन्हा टिपा. मग साध्या पाण्याच्या कापडाने साबण काढा, कारण उरलेला साबण धूळ धरतो. यापुढे वाटा वेगळ्या. गाठींचा गालिचा खाली आधार देऊन जमिनीपासून उचला आणि दोन्ही बाजूंनी पंख्याची हवा लागू द्या. टफ्टेडमध्ये ओल अस्तरापर्यंत जाऊच द्यायची नसते, म्हणून कापड जवळजवळ कोरडं हवं आणि वर कोरड्या कापडाची घडी वजनाखाली ठेवून ओल वरच्या वर शोषून घ्यायला हवी.

पाळीव प्राण्याच्या मूत्राला हा उपाय पुरत नाही. ते ताजं असताना बहुधा आम्लधर्मी असतं, वाळत जाताना अल्कली होतं आणि रंग बदलून टाकतं. गाठींचा गालिचा त्याच दिवशी धुणाऱ्या जाणकाराकडे पोचला तर वास जायची बरीच आशा असते. टफ्टेडमध्ये ते लॅटेक्सखाली उतरलं असेल, तर वास काढायला अस्तरच काढावं लागतं.