नळीचे कौल

नळीचे कौल : चाकावर घडवलेले मातीचे नळकांडे उभे दुभागून, वाळवून आणि भाजून केलेले अर्धगोल कौल. गावठी कौल, देशी कौल, कुंभारी कौल ही त्याचीच नावे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात त्याला नळा (अनेकवचन नळे) म्हणतात, विदर्भात कवेलू. झिलई न देता भाजलेली माती, म्हणजे टेराकोटा, आज घरसजावटीच्या दुकानांतून मिरवते आहे. महाराष्ट्रातल्या घरबांधणीत मात्र या मातीचे मोठे काम भिंतीवरच्या नक्षीत नव्हते, ते छपरावर होते. बंगालमध्ये विष्णुपूरच्या मल्ल राजांनी श्यामराय (1643), जोडबंगला (1655) अशी देवळे मातीच्या फलकांनी नखशिखांत मढवली. आपल्याकडे घाटावर काळा दगड आणि कोकणात जांभा हाताशी असल्याने भिंतीसाठी कुंभाराकडे जावे लागले नाही. पावसासाठी जावे लागले.

छपरावर भाजलेली माती घालण्याची चाल इथे जुनी आहे. तेर, नेवासे या ठिकाणच्या उत्खननांत सातवाहनकाळातली कौले सापडली. ती चपटी आहेत, पाणी वाहून जाण्यासाठी त्यांना खाचा आहेत आणि लाकडाला खिळवण्यासाठी भोके आहेत. नळीचे कौल या घराण्यातले नव्हे. त्याला खिळा लागत नाही. वजन आणि उतार एवढ्यावर ते टिकते, आणि त्याचे सगळे गुणदोष तिथूनच निघतात.

घडण

माती शेताच्या बांधावरची, तळ्याच्या तळची किंवा नदीकाठची. निव्वळ चिकणमाती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात बारीक वाळू, राख किंवा घोड्या-गाढवाची लीद मिसळतात. देशावरच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. ते चाळून काढले नाहीत तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. पुढे पहिल्या पावसात तो पाणी पिऊन फुगतो आणि कौलाचा टवका उडवतो. महिनाभर बरे दिसलेले कौल अचानक खपल्या टाकू लागले, तर दोष बहुधा भट्टीचा नसून चाळणीचा असतो.

मळलेल्या मातीचा गोळा चाकावर चढवून कुंभार बिनबुडाचे नळकांडे उभे करतो. एक तोंड रुंद, दुसरे किंचित अरुंद. हा उतरता आकार मुद्दाम ठेवलेला असतो, कारण छपरावर एका कौलाचे अरुंद तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसायचे असते. नळकांडे थोडे आवळले की त्यावर समोरासमोर दोन उभ्या चिरा देतात. काही ठिकाणी त्या चिरा आरपार नेत नाहीत. नळकांडे अखंडच वाळवतात, त्यामुळे अर्धुके वाकत नाही, आणि मग हलका ठोका देऊन दोन कौले वेगळी करतात. हाताचे कौल ओळखायचे ते आतल्या बाजूने. चाक फिरताना कुंभाराची बोटे वर सरकली त्याच्या आडव्या वळ्या तिथे स्पष्ट दिसतात. बाहेरची बाजू ओल्या फडक्याने गुळगुळीत केलेली असते. लांबच्या कडा पाहिल्या तर चिरेपुरत्या नितळ आणि त्यापुढे, जिथे ठोक्याने तुटले तिथे, खडबडीत. साच्यातल्या कौलावर यातले काही नसते.

भाजणी आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, होते. लाकूड, शेण्या, नारळाची सोडणे, भाताचे तूस, जे गावात मिळेल ते. आव्यातले तापमान सहसा 900 अंश सेल्सिअसच्या आतच राहते आणि सगळीकडे सारखे नसते. त्यामुळे एकाच भाजणीतून शेंदरी, विटकरी आणि धुराने काळवंडलेली अशी तिन्ही कौले निघतात. लाल रंग मातीतल्या लोहाचा. हवा कमी पडली की तेच लोह काळे राहते. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणले तर कौल पक्के, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडकलेले.

छपरावर

आढ्यापासून (छपराचा माथा) वळचणीपर्यंत (खालची कड) वासे, त्यांवर आडव्या रीपा किंवा बांबूच्या कांबी, आणि त्यांवर कौलांचे दोन थर. खालचे कौल उताणे, वरचे पालथे. उताण्या कौलांचे रुंद तोंड आढ्याकडे, पालथ्यांचे वळचणीकडे. दोन उताण्या रांगांमधली फट पालथी रांग झाकते आणि पाणी उताण्या पन्हळीतून खाली येऊन पागोळ्यांवाटे गळते. काम वळचणीपासून वर चढते. उतार 30 अंशांच्या आसपास ठेवतात. कमी ठेवला तर पाणी उलटे चढते, फार जास्त ठेवला तर बिनखिळ्याची कौले घसरतात.

कोकणात वर्षाला 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याखाली असे सुटे छप्पर टिकते ते दरवर्षीच्या शाकारणीमुळे. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, कौले उतरवायची, पालापाचोळा आणि शेवाळ काढायचे, वाळवी लागलेल्या रीपा बदलायच्या, फुटकी कौले बाजूला काढून पुन्हा रचायचे. दरसाल थोडी कौले फुटणारच हे गृहीत होते, म्हणून घराच्या मागे कौलांची थप्पी असायची आणि गावात कुंभार. गावठी कौल कमकुवत होते आणि कारखान्याने त्याला हरवले, हे म्हणणे अर्धेच खरे वाटते. मुंबईला माणसे गेली, शाकारायला हात उरले नाहीत, वाशांचे लाकूड महागले आणि वानरांच्या टोळ्या रोज छपरावर नाचू लागल्या. यातले एकेक कारण पत्रा आणायला पुरेसे होते. वादळापुढे मात्र पत्र्याचेही काही चालत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात कौलारू आणि पत्र्याची, दोन्ही छपरे उडाली.

कौलारू घर थंड असते याचे श्रेय सरसकट मातीला दिले जाते, ते तपासून घ्यायला हवे. कौल पातळ असते, फार उष्णता साठवून ठेवणे त्याला जमत नाही. ऊन उतरले की लगेच निवते. आणि खरा फायदा फटींचा. आढ्याखाली जमलेली गरम हवा दोन कौलांमधून बाहेर पडते, दोन थरांमधल्या पन्हळीत वारा खेळतो. उंच माळा असला तर खालच्या माणसापर्यंत झळ पोचतही नाही. हीच कौले सिमेंटमध्ये घट्ट बसवून स्लॅबवर चिकटवली की दिसायला कौलारू घर होते, पण फटी गेलेल्या असतात.

मंगळुरी कौल

कडांना खाचा असलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट फ्रान्समधल्या अल्सेसच्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतले. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने मंगळूरला जेप्पू येथे 1865 मध्ये कारखाना काढून त्या धर्तीची कौले पाडायला सुरुवात केली. धर्मांतरानंतर ज्यांचा जातीचा धंदा सुटला त्यांना काम देणे हा त्यामागचा एक हेतू होता आणि जॉर्ज प्लेब्स्ट हा मिशनरी त्याचा कर्ता. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांची माती जवळच होती. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले पुरतात, एकच थर लागतो, गळती कमी. गलबतांतून ही कौले कोकणची बंदरे करत मुंबईला पोचली आणि तिथल्या चाळींवर, बंगल्यांवर चढली. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने त्याच्या हातून गेले, पण तोवर मंगळुरी हे कौलाच्या जातीचेच नाव झाले होते.

मिशनच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि 1865 हे साल उठवलेले असते. जुने घर दाखवताना ते साल घराचे म्हणून सांगितले जाते. ते कारखान्याच्या स्थापनेचे आहे; कौल त्यानंतर कितीही दशकांनी पाडलेले असू शकते.

मंगळुरी कौल आले तरी नळीचे एकदम गेले नाही. गोठे, पडव्या, न्हाणीघरे आणि ज्यांना विकतचे परवडत नव्हते त्यांची घरे बराच काळ नळ्यांचीच होती. गोव्यात डिचोलीची कुंभारकी नावाजलेली. तिथल्या घरांच्या आढ्यांवर आणि फाटकांच्या खांबांवर कोंबडे, शिपाई बसवण्याची पोर्तुगीज अमदानीतली हौस अजून दिसते.

आजची अंतर्गत सजावट

पाडलेल्या वाड्यांची कौले भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या बाजारातून हॉटेलांत आणि बंगल्यांत पोचतात. नळीची कौले खवल्यांसारखी एकावर एक रचून आडोशाची जाळी करतात. अर्धगोलांतून वारा येतो, थेट नजर जात नाही. पश्चिमेच्या गॅलरीला ही योजना खरोखर उपयोगी आहे. कौलाचा सर्वांत विचारी नवा वापर मात्र वास्तुशिल्पी लॉरी बेकर (1917–2007) यांनी केरळात रूढ केलेल्या फिलर स्लॅबमध्ये दिसतो. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथले काँक्रीट जवळजवळ नुसते ओझे असते. त्या जागी सळयांच्या चौकटींत टाकाऊ मंगळुरी कौले ठेवायची, की काँक्रीट वाचते, वजन घटते आणि खालून छत आपोआप लाल चौकडीचे दिसते. वेगळे प्लास्टर लागत नाही.

हाताच्या टेराकोटा फरशा जमिनीवर घालताना त्यांची सच्छिद्रता आधी ध्यानात घ्यावी लागते. तेल, हळद, चहा यांचे डाग त्या लगेच पितात. बसवण्यापूर्वी फरशा पाण्यात भिजवणे आणि पूर्ण वाळल्यावर जवसाचे तेल किंवा मेण पाजणे हा जुना उपाय. चकचकीत प्लास्टिकसारखा थर दिल्यास डाग टळतात, पण तळमजल्यावर खालची ओल अडकते आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारे क्षार, थराखालून फुटून पांढरे पट्टे उमटतात. आकारातला फरक झाकण्यासाठी सांधा रुंद ठेवावा लागतो. साच्यातल्या फरशीसारखा बारीक सांधा मागणारे गिऱ्हाईक आणि गवंडी यांचे इथेच वाजते. भिंतीत किंवा जाळीत कौले चुन्यात बसवली असतील तर एखादे फुटल्यास ते अलगद सोडवून दुसरे घालता येते. सिमेंटमध्ये बसवलेले एक काढायला गेले तर शेजारची दोन-तीन सोबत येतात, म्हणून अशा कामासाठी जादा कौले राखून ठेवावीत. हातघडणीचे त्याच मापाचे कौल नंतर मिळेलच असे नसते.