पार्श्वभूमी : दारातल्या गाडीचा जगज्जेता

१९८९ साली फॉर्म्युला वनच्या काही चालकांचा वीकेंड शुक्रवारी सकाळी आठला सुरू व्हायचा आणि नऊला संपायचा. त्या मोसमात वीस संघांच्या मिळून ३९ गाड्या होत्या. रविवारच्या शर्यतीत जागा फक्त २६ गाड्यांना आणि त्यासाठीच्या पात्रता फेरीत ३० जणांना. जास्तीच्या गाड्या गाळायच्या कशा, तर प्री-क्वालिफाइंग. छोट्या, नव्या, पैशांची ओढाताण असलेल्या संघांच्या तेरा गाड्या भल्या सकाळी ट्रॅकवर सोडायच्या, तासाभरात सर्वांत वेगवान ठरलेल्या चार ठेवायच्या, बाकीच्या नऊ ट्रकमध्ये चढवायच्या. स्टँडमध्ये माणसं येऊन बसायच्या आत या नऊ जणांचं सामान आवरलेलं असायचं.

या चाळणीतून सर्वाधिक वेळा खाली पडलेल्या माणसाचं नाव गाब्रिएले तार्क्विनी. २५ वेळा. आजही हा विक्रम त्याच्याच नावावर आहे. ७८ ग्रांप्रीसाठी नाव नोंदवलं, त्यांपैकी प्रत्यक्ष शर्यतीच्या रेषेवर उभा राहिला ३८ वेळा, आणि सगळ्या कारकिर्दीत कमावला एक गुण: १९८९ साली मेक्सिकोत, एजीएस नावाच्या छोट्या फ्रेंच संघाच्या गाडीत, सहावा येऊन.

हाच तार्क्विनी २००९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी टूरिंग कारचा जगज्जेता झाला. हुआन मॅन्युएल फँजिओने १९५७ साली ४६ व्या वर्षी फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. वयाचा तो विक्रम तार्क्विनीने मोडला. आणि मग २०१८ साली, ५६ व्या वर्षी, पुन्हा एकदा जागतिक मालिका जिंकली. आपल्याकडे मोटर रेसिंग म्हणजे फॉर्म्युला वन, आणि तिथे जो टिकला नाही तो संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे हे कळायला टूरिंग कार चालक हा पेशा मुळात कसा उभा राहिला ते पाहावं लागतं.

टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळते त्याच गाडीचं शर्यतीसाठी केलेलं रूप. चार दारं, छप्पर, डिकी, ओळखीचा चेहरा. आतून मात्र सगळं काढून टाकलेलं: मागचं सीट नाही, गालिचा नाही, त्याजागी पोलादी नळ्यांचा पिंजरा. चाकं झाकलेली असल्याने एकमेकांना घासून जाणं, कोपराने ढकलावं तसं बंपरने ढकलणं इथे जमतं. उघड्या चाकांच्या गाडीत हेच केलं तर गाडी हवेत जाते.

ब्रिटनमध्ये १९५८ साली सलून, म्हणजे छप्पर आणि डिकी असलेल्या घरगुती गाड्यांची राष्ट्रीय मालिका सुरू झाली, तीच आजची ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप. पहिल्याच वर्षी गंमत झाली. ऑस्टिन वेस्टमिन्स्टर चालवणारा जॅक सिअर्स आणि जॅग्वारवाला टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे भरले. नाणं उडवून विजेता ठरवावा असं सुचवलं गेलं, पण ते दोघांनाही पटेना. शेवटी ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन एकसारख्या रायली गाड्या आणल्या. पाच फेऱ्या मारायच्या, मग गाड्या अदलाबदल करून पुन्हा पाच, आणि वेळांची बेरीज करायची. सिअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. हा सिअर्स नॉरफोकमधला शेतकरी. रेसिंग हा त्याचा षौक होता, पोट शेतीवर चालायचं. त्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच होतं.

पुढची तीसेक वर्षं मालिका वर्गवारीवर चालली. लहान इंजिनाच्या गाड्या आपल्या वर्गात गुण मिळवून एकंदर विजेतेपदही नेऊ शकत. १९७० ते १९७२ सलग तीनदा बिल मॅकगव्हर्नने इवल्याशा सनबीम इम्पमध्ये ते नेलं. प्रेक्षकाला मात्र कळेना, की सगळ्यात पुढे धावणारी गाडी जिंकली असं म्हणायचं की सातवी. १९९१ साली हा गोंधळ मिटला. सगळ्यांना एकच वर्ग, दोन लिटरचं इंजिन. फोर्ड, व्हॉक्सहॉल, बीएमडब्ल्यू, टोयोटा, निसान यांच्या बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या गाड्या बरोबरीने पळू लागल्या आणि कंपन्यांच्या जाहिरात विभागांना अचानक जाग आली. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी ग्राहकाला दाखवता येते, एफवनची दाखवता येत नाही. कंपन्यांचा पैसा आला तसे पगारी चालकही आले. माझ्या मते टूरिंग कार चालवणं हा पूर्ण वेळचा, पोटापाण्याचा धंदा झाला तो इथे.

इटलीच्या अल्फा रोमिओने १९९३ साली जर्मनीतली डीटीएम मालिका जिंकली होती, निकोला लारिनीच्या हातून. पुढच्या वर्षी त्यांनी १५५ मॉडेल ब्रिटनमध्ये उतरवलं आणि चालक म्हणून पाठवला तार्क्विनी. इटलीतल्याच अब्रुत्सो प्रांतातल्या, एड्रिआटिक किनाऱ्यावरच्या जुलियानोव्हाचा. वय ३२, एफवनमध्ये नाव झालं होतं ते न जमलेल्या कामासाठी.

त्या गाडीच्या डिकीची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नियम असा, की शर्यतीच्या गाडीवर हवा कापणारे भाग तेच हवेत जे बाजारातल्या गाडीवर मिळतात, आणि तशा २,५०० गाड्या बनायला हव्यात. अल्फाने नियम नीट वाचला. ‘१५५ सिल्व्हरस्टोन’ नावाची खास आवृत्ती काढली. तिच्या पुढच्या बंपरखालची पट्टी दोन जागी बसू शकायची, एक आत आणि एक बाहेर काढलेली. मागचा पंख उंच करण्याचे ब्रॅकेट ग्राहकाला डिकीत ठेवून मिळायचे. बसवा न बसवा, तुमची मर्जी. रस्त्यावरच्या ग्राहकाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ट्रॅकवर मात्र अल्फाने पट्टी बाहेर काढली, पंख उंच केला आणि गाडी वळणावर जमिनीला चिकटू लागली. तार्क्विनीने पहिल्या पाचच्या पाच शर्यती जिंकल्या.

बाकीच्यांनी तक्रारी केल्या. आयोजकांनी पंख मूळ जागी आणायला सांगितल्यावर ओल्टन पार्कच्या शर्यतीतून अल्फाचा संघ गाड्या भरून निघून गेला. पुढे तडजोड झाली आणि संघ परतला. तार्क्विनीने मोसमात एकूण आठ शर्यती आणि विजेतेपद जिंकलं. १९९५ साली सगळ्यांनीच पंख लावले आणि अल्फा मागे पडली. नियमाची फट बुजली की त्या फटीतून मिळालेला फायदाही गेला. या खेळात हे सतत होत राहतं. पण ‘गाडीनेच जिंकून दिलं’ असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: त्याच अल्फाच्या दुसऱ्या गाडीत जाम्पिएरो सिमोनी होता, मग विजेतेपद त्याला का नाही मिळालं?

उत्तर बहुधा पुढच्या चाकांत आहे. अल्फा १५५ पुढच्या चाकांवर चालणारी. म्हणजे गाडी ओढायची पुढच्या चाकांनी, वळवायची त्यांनीच, आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांनीच सोसायचा. मागची चाकं नुसती फरफटत येतात. त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत मागचे टायर थंडच असतात, आणि वळणाच्या मध्ये ॲक्सिलरेटर जरा सोडला की गाडीचा मागचा भाग बाहेर निसटतो. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. ब्रेक दाबला की गाडी गिरकी घेते. करायचं असतं उलट: ॲक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे पुढची चाकं ओढून गाडी सरळ करतात. एफवनची गाडी मागच्या चाकांवर चालते, तिथे निसटताना ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे आत्मघात. दहा वर्षं अंगात मुरलेली सवय उलटी फिरवायची, तीही शेजारी दुसरी गाडी घासत असताना. एफवनमधून आलेल्या अनेकांना हे जमलं नाही. तार्क्विनीला जमलं, इतकं की पुढची पंचवीस वर्षं त्याने मुख्यतः अशाच गाड्या चालवल्या.

१९९५ साली नुर्बुर्गरिंगला टिरेल संघाकडून एका शर्यतीपुरता तो एफवनमध्ये परतला. ते शेवटचं. ब्रिटनमध्ये मात्र खर्च असे भडकले, की २००० सालच्या मोसमात तीनच कंपन्या उरल्या. युरोपीय मालिकेत २००३ साली तार्क्विनी अल्फा १५६ मधून विजेता झाला, आणि २००५ पासून त्या मालिकेलाच जागतिक दर्जा मिळाला, ती डब्ल्यूटीसीसी, म्हणजे वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियनशिप. पहिली तीन वर्षं जिंकला बीएमडब्ल्यूचा अँडी प्रिओ.

तोवर तार्क्विनी सेआतमध्ये गेला होता. ही फोक्सवॅगन समूहातली स्पॅनिश कंपनी. आपल्या सिएट टायरशी तिचा संबंध नाही. सेआतने २००७ साली लिऑन गाडीत चक्क डिझेल इंजिन बसवलं. आवाज कमी, पण वळणातून बाहेर पडताना ओढ जबरदस्त. २००८ साली इव्हान म्युलरने त्या गाडीत जगज्जेतेपद मिळवलं, डिझेल गाडीचं पहिलंच. तार्क्विनी दुसरा. बीएमडब्ल्यूवाले कुरकुरत राहिले, नियम बदलत राहिले. (डिझेलची ही लाट आपल्याकडेही येऊन गेली. चाकणला पोलो गाडी बनायला लागल्यावर २०१० साली फोक्सवॅगनने भारतात पोलो कप सुरू केला, त्यातल्या गाड्याही डिझेलच होत्या.)

२००९ च्या मोसमात म्युलर आणि तार्क्विनी एकाच संघात, एकसारख्या गाड्यांत, एकाच किताबासाठी. शेवटची लढत मकाऊला. शहरातल्या रस्त्यांवरचा सहा किलोमीटरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, काही ठिकाणी पुढच्याला मागे टाकायला जागाच मिळू नये इतका अरुंद. मोसमाअखेरचे गुण : तार्क्विनी १२७, म्युलर १२३.

आकडे जवळ येतात यात योगायोग नाही, तशी व्यवस्थाच असते. जिंकणाऱ्या गाडीवर वजन लादतात. आखाड्यात निकाली कुस्ती मारलेल्या पैलवानाला पुढच्या कुस्तीत खांद्यावर धान्याचं पोतं घेऊन उतरवावं, तसं. शिवाय दुसऱ्या शर्यतीत पहिल्या शर्यतीतल्या पहिल्या आठांची उलटी मांडणी करायची, म्हणजे आठवा सर्वांत पुढे आणि जिंकलेला आठव्या जागी. शुद्ध वेग मोजायचा तर हे सगळं अन्यायाचंच आहे. पण यामुळे चालकाचं काम बदलतं. कधी आठवं येणं शहाणपणाचं, कुठल्या शर्यतीत गाडी सांभाळून गुण उचलायचे, जड झालेल्या गाडीचे टायर शेवटपर्यंत कसे पुरवायचे, हे हिशेब वयाबरोबर पक्के होतात. चाळिशी-पन्नाशीतली माणसं इथे टिकतात ती त्यामुळे.

दुसरं कारण कमी दिसतं. कंपनीला चालक फक्त रविवारी नको असतो. नवी गाडी बनवताना रिकाम्या ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारून, स्प्रिंग दोन नंबरने कडक केली तर काय होतं हे इंजिनियरला समजेल अशा शब्दांत सांगणारा माणूस हवा असतो. तार्क्विनीची ख्याती तीच होती. सेआतनंतर होंडा (२०१३ साली पुन्हा दुसरा, पुन्हा म्युलरच्या मागे), मग लाडा. २०१६ च्या अखेरीस लाडाने मालिका सोडली आणि तो ५४ व्या वर्षी बिनकामाचा झाला.

तेव्हा ह्युंदाई एक गाडी बनवत होती. डब्ल्यूटीसीसीचे आधीचे सूत्रधार मार्चेलो लोट्टी यांनी टीसीआर नावाचा स्वस्त नमुना आणला होता: दोन लिटर टर्बो, पुढच्या चाकांची गाडी, कंपनीने बनवून खाजगी संघांना विकायची, स्वतः संघ उतरवायचा नाही. ह्युंदाईने आय३० एन टीसीआर घडवायला तार्क्विनीला घेतलं. २०१७ साली चीनमध्ये झेजियांगला ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली, आणि तिथेच तार्क्विनीने ती जिंकून दाखवली.

२०१८ साली जागतिक मालिकेनेच टीसीआर नियम स्वीकारले. नाव डब्ल्यूटीसीआर, कागदोपत्री हा विश्वचषक, ‘जागतिक अजिंक्यपद’ नव्हे, आणि काटेकोर लोक हा फरक आवर्जून सांगतात. पुन्हा शेवट मकाऊला, पुन्हा समोर म्युलर, तोही ह्युंदाईतच, पण स्वतःचा संघ घेऊन. तीन गुणांनी तार्क्विनी. पुढच्या वर्षी त्याच्याच संघातला हंगेरीचा नॉर्बर्ट मिखेलिस जिंकला, जो या खेळात आला होता कम्प्युटरवरच्या रेसिंग गेममधून.

२०२१ च्या शेवटी, ५९ व्या वर्षी तार्क्विनी थांबला. वर्षभरात डब्ल्यूटीसीआरही बंद पडली. तिच्या जागी आलेल्या टीसीआर वर्ल्ड टूरची पहिली दोन्ही वर्षं, २०२३ आणि २०२४, मिखेलिसने जिंकली, ह्युंदाईतच. तार्क्विनीच्या वयाचे विक्रम कुणी आणखी म्हातारा येऊन मोडू शकेल. एफवनमधल्या त्या २५ सकाळी मात्र त्याच्याकडेच राहणार, कारण १९९२ सालीच संघ कमी पडू लागले आणि आठ ते नऊची ती वेळ वेळापत्रकातून कायमची गेली.