प्राणी बघत विज्ञान शिकणं (बालवाडी ते चौथी)

लहान मुलांना विज्ञान व्याख्येतून न शिकवता एखाद्या जिवंत प्राण्याकडे बघायला लावायचं, प्रश्न त्यांनाच काढू द्यायचे आणि उत्तरही त्या प्राण्याकडूनच मिळवायचं, अशी ही पद्धत. लॅब लागत नाही, वर्गातल्या मुंग्या पुरतात. परिसर अभ्यासात निरीक्षणाला जागा आहे, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) प्राथमिकच्या विज्ञानावर कित्येक वर्षं काम करतंय, तरी बऱ्याच शाळांत 'मुंगीला सहा पाय असतात' हे फळ्यावरून वहीत उतरतं आणि धडा संपतो.

मुंग्यांचंच घ्या. भिंतीशी बिस्किटाचा चुरा टाकायचा, रांग लागली की मधला थोडा भाग ओल्या फडक्याने पुसायचा. मुंग्या तिथे येऊन थबकतात, इकडेतिकडे फिरतात, काही मागे वळतात, मग एखादी पलीकडे पोचते आणि हळूहळू रांग परत जुळते. इथे बाईंनी लगेच 'त्या वासाची खूण सोडतात' असं सांगून टाकलं की सगळी मजा गेली. मुलांना बोलू द्यावं. कुणी म्हणेल पाण्याला घाबरल्या, आणि हे चुकीचं उत्तर फार मोलाचं कारण ते तपासता येतं: रांगेच्या वाटेत कागदाची पट्टी ठेवा, मुंग्या तिच्यावरून ये-जा करायला लागल्या की ती उचलून तशीच कोरी पट्टी ठेवा. आता पाणी कुठेच नाही, तरी गोंधळ उडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे सात वर्षांच्या पोराला इथे न शिकवता कळतं.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरची अळीपण मस्त. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी, आणि डिवचलं की डोक्यामागून केशरी-लालसर शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास येतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात, तेवढे दिवस रोज तारीख टाकून चित्र काढायचं, आणि ते दिसतं तसं, पुस्तकातल्यासारखं नाही.

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, शाळाच मुलांमागे रानात गेली. अशा मुलांना गुरांच्या सवयी शिक्षकापेक्षा जास्त माहीत असतात, तेव्हा प्रश्न त्यांच्याकडूनच घ्यावेत.

केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नये, खाज सुटते. लिंबावरची अळी बरणीत ठेवली तर तिच्या तोंडाला जाळीचं कापड बांधावं, पानं रोज ताजी त्याच झाडाची द्यावीत, आणि फुलपाखरू बाहेर आलं की पंख वाळेपर्यंत थांबून त्याच झाडापाशी सोडावं.