गोल पाटी आणि त्रिकोणी पाटी

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत स्क्रीनवर पाट्यांची चित्रं येतात. लाल कडेच्या गोलात 50 लिहिलेलं असेल तर ‘वेगमर्यादा’वर बोट ठेवायचं, लाल कडेच्या त्रिकोणात वाकडा बाण असेल तर ‘पुढे वळण’वर. मार्क मिळतात, लायसन्स मिळतं आणि त्या दोन आकारांमधला फरक आरटीओतच राहून जातो. गोल पाटी हुकूम सोडते: याच्या वर जायचं नाही. त्रिकोणी पाटी फक्त वर्दी देते. पुढे वळण आहे, शाळा आहे, रस्ता अरुंद होतोय. आता वेग किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा. पहिलीवर आकडा असतो, दुसरीवर सहसा नसतो. म्हणूनच बहुधा लोकांना पहिली लक्षात राहते.

माझा मामेभाऊ दर पंधरवड्याला पुणे-सांगली करतो. त्याचं म्हणणं असं, की काटा लिमिटच्या वर जाऊ देत नाही, वर्षभरात एकही चलान नाही आणि वीस वर्षांत हात चांगला बसलाय, म्हणजे आपलं ड्रायव्हिंग सेफ. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोळ आहे तो त्या ‘म्हणजे’मध्ये. वेगमर्यादेच्या आत असणं आणि सुरक्षित वेगात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बसलेला हात पहिलीचं दुसरीत रूपांतर करू शकत नाही.

कायद्यानेही त्या वेगळ्या ठेवल्यात. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये कलम 112 वेगमर्यादेचं आणि ती ओलांडली तर शिक्षा कलम 183 खाली. इथे मोजमाप लागतं. नुसतं ‘मला गाडी सुसाट वाटली’ असं एका साक्षीदाराने म्हटल्यावर भागत नाही, यंत्राचा आधार हवा. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम निराळं, 184. त्यात रस्ता कसा आहे, कशासाठी वापरला जातो, त्या वेळी रहदारी किती होती आणि किती असणं अपेक्षित होतं, हे सगळं बघून वेग धोकादायक होता का ते ठरतं. म्हणजे लिमिट 70 असलेल्या रस्त्यावर आठवडी बाजाराच्या दिवशी 55 ने गेलात तर कलम 183 तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, पण 184 बघू शकतं.

पाटीवरचा आकडा कुठून येतो हे कळलं की फरक आणखी उघड होतो. रस्ता आखताना अभियंते आधी एक वेग गृहीत धरतात, वळणाची त्रिज्या आणि चढ-उतार त्यावर बेततात. समृद्धी महामार्ग सपाटीवर ताशी 150 किलोमीटरसाठी आखलाय, पण गाड्यांना परवानगी 120 ची. चालत्या रस्त्यावर मर्यादा ठरवताना आणखी एक ठोकताळा वापरतात. मोकळ्या रहदारीत गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा आधाराला धरायचा. ही मोजणी होते उजेडात, कोरड्या रस्त्यावर. केंद्राने एप्रिल 2018 मध्ये देशभरासाठी कमाल आकडे जाहीर केले: कारला एक्स्प्रेसवेवर 120, चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर 100, इतरत्र 70. राज्यांना ते कमी करता येतात. यातल्या कुठल्याही आकड्याला आज रात्री धुकं पडलंय हे ठाऊक नसतं.

आता गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. कराड-विटा रस्ता, रात्रीचे नऊ, काटा पासष्टवर. समोरून कुणीतरी अप्पर मारत, म्हणजे दिव्यांचा झोत वर ठेवून येत होतं, मी डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या झोतावर. काच थोडी खाली होती म्हणून वाचलो, कारण ट्रॅक्टरवरचं गाणं आधी ऐकू आलं आणि ट्रॉली नंतर दिसली. एकामागे एक दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या मागे लोंबलेल्या, लाल रिफ्लेक्टर असलाच तर त्यांच्याखाली झाकलेला. करकचून ब्रेक मारला तेव्हा उसाची पानं बॉनेटवर घासत होती. बायको बराच वेळ काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. मी लिमिटच्या आत होतो. चलान फाडायला कुणी उभं असतं तर मला हसत जाऊ दिलं असतं.

ट्रॉलीला दिवा नव्हता हा गुन्हाच, त्याची वकिली मला करायची नाही. पण माझ्या बाजूचं गणित घालून बघा. समोर काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू. 60 च्या वेगात तेवढ्यात गाडी 25 मीटर जाते. मग टायर चांगले आणि रस्ता कोरडा असेल तर थांबायला आणखी 20. झाले 45. डिपरचा उजेड नीट पडतो तो साधारण 40-50 मीटर. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर डिपरवर 60 हेच मुळात काठावरचं, आणि मी पासष्टला होतो. ट्रॅक्टर चालत होता, उभा नव्हता, म्हणून हे लिहितोय.

हेच 100 ला घ्या: दीड सेकंदात 42 मीटर, थांबायला 55, एकूण 97. आणि पावसात 80 ला? ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते, एकूण अंतर 95 च्या आसपास जातं. पावसातले ऐंशी म्हणजे उन्हातले शंभर. पाटीवर मात्र आकडा तोच असतो.

सुरक्षित वेगाची व्याख्या एवढीच: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ‘जर्मनीत लिमिटच नाही’ असं वादात फेकणाऱ्यांना मी हेच सांगतो. तिथल्या ऑटोबानच्या अनेक पट्ट्यांवर सक्तीची मर्यादा नाही हे खरं, 130 ची फक्त शिफारस आहे. पण त्यांच्या रस्ते नियमांत लिहिलंय, की नजरेच्या टप्प्यात गाडी थांबवता येईल एवढ्याच वेगाने चालवा. समोरच्याला धोका होईल इतका रस्ता अरुंद असेल तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. धुक्या-पावसामुळे 50 मीटरही दिसत नसेल तर 50 च्या वर जायचं नाही. निम्म्याचा तो नियम मला फार आवडतो. कोकणातल्या एकेरी डांबरी रस्त्यावर वळणाआड समोरूनही कुणी येत असतो, आणि त्यालाही थांबायला जागा लागते. आपल्याकडे ते काम हॉर्नवर सोपवलेलं असतं.

राहिला बसलेला हात. कसलेला ड्रायव्हर क्लच-गिअर सफाईने टाकतो, आरशात न विसरता बघतो, निसटलेली गाडी सावरतो. ब्रेकवर पाय थोडा लवकरही पडत असेल. पण त्याला अंधारात जास्त दिसत नाही, आणि टायरची पकड चालकाची वर्षं मोजत नाही. उलट कौशल्य वाढतं तसा माणूस वेगही वाढवतो. नॉर्वेत नवशिक्यांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तर तरुण पुरुषांचे तसल्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढले. अमेरिकेत 1974 मध्ये रेसिंगचं लायसन्स असलेल्यांचं रोजच्या रस्त्यावरचं रेकॉर्ड तपासलं. सामान्य चालकांपेक्षा ते वाईट निघालं. 1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी लोकांना विचारलं, की गटातल्या इतरांच्या तुलनेत तुमचं कौशल्य किती? अमेरिकेतल्या गटात 93 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. निम्म्या जागेत 93 जण! हा प्रश्न पुण्यात विचारला असता तर उरलेले सातही आत घुसले असते.

मग पाटीवरच्या आकड्याला काय किंमत उरते? उरते, आणि ती दोन कारणांनी.

एक, रस्त्यावर तुमचा अंदाज दुसरी माणसंही घेत असतात. शेताच्या बांधावरून हायवेवर दुचाकी घालणारा लांबची गाडी बघतो, ‘येईल अजून’ म्हणतो आणि निघतो. या रस्त्यावर गाड्या साधारण किती वेगाने येतात हे त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. तुम्ही त्याहून फार जास्त वेगात असाल तर त्याचा हिशेब चुकतो आणि ते तुम्हाला गाडीतून दुरुस्त करता येत नाही. तुमचे डोळे कितीही तेज असले तरी.

दुसरं, वेगाचा अंदाज आपल्यालाच फसवतो. समृद्धीवर तासभर 120 ने गेल्यावर इंटरचेंजला 60 म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं. त्या वेळी पोटातल्या भावनेपेक्षा आकडा बरा. शिवाय वरच्या वेगात थोडाही फरक महाग पडतो. 100 ची गाडी जिथे 97 मीटरवर थांबते, तिथे त्याच क्षणी ब्रेक लावलेली 120 ची गाडी अजून ताशी 77 च्या आसपास असते. वीसचा फरक म्हणून तिथे काही उरत नाही. एक गाडी उभी आहे आणि दुसरी तिच्या बरोबरीने सत्त्याहत्तरने पुढे निघालीय.

दोन्ही गोष्टी एकाच जागी बघायच्या तर पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरा. लांबलचक उतार आहे. अपघात झाले तशी तिथली मर्यादा खाली आणली गेली. तरी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकसाठी कुठलाही आकडा पुरेसा खाली नाही. इंजिनाची रोख नसली की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. अशा ट्रकचा काटा पुलाच्या किलोमीटरभर आधी मर्यादेच्या आत असेलही. त्याचा सुरक्षित वेग मात्र बोगद्याच्या तोंडाशीच संपलेला असतो. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ट्रकवाले क्लीनरला पहिल्या फेरीलाच शिकवायचे. त्यात ताशी किलोमीटरचा उल्लेखही नाही.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग अंधारात पन्नासने गेलो आणि मागचा डिपर मारमारून जीव खाऊ लागला तर? डावीकडे हो आणि जाऊ दे त्याला, म्हटलं. पुढे ट्रॉली असली तर ती आधी त्याला दिसेल.