दत्तक एक, पोसकें एक

फोंड्याजवळच्या माझ्या आजोळच्या घरात वसरीच्या भिंतीवर एका लग्नाचा फोटो आहे, पोर्तुगीज अमलातल्या शेवटच्या वर्षांतला. मधोमध नवरा-नवरी, दोन्ही अंगांना काका, आत्या, पोरंटोरं. अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीला टेकून, कोणाचं तरी तान्हं कडेवर घेतलेली एक मुलगी उभी आहे. वय असेल बारा-तेरा. लहानपणी मी आजीला विचारलं, ही कोण? आजी म्हणाली, "ती आमच्याकडची. पोसलेली."

त्याच फोटोत नवऱ्याशेजारी फेटा बांधून बसलेले आजोबांचे चुलतभाऊही जन्माने या घरातले नव्हते. सांग्याच्या भाऊबंदांकडून त्यांना पाचव्या वर्षी दत्तक आणलं होतं. दत्तहोम झाला, आईबापांचं नाव बदललं, घरचा देव त्यांचा झाला आणि पुढे कुळागर म्हणजे बागायतही. एका छपराखाली परक्या घरातून आलेली दोन मुलं: एक दत्तक, एक पोसकें. दोघांचं पुढचं आयुष्य जितकं वेगळं झालं, तितकं वेगळं का झालं हा प्रश्न मला कधी सोडून गेला नाही. अलीकडच्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नावर जगभर जे संशोधन झालं, ते वाचताना मला सतत तो फोटो आठवत राहिला.

'पोसकें' हा शब्द गोव्याबाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. कोंकणीत पोसको, पोसकी, पोसकें म्हणजे पोसलेलं मूल. सासष्टी-बार्देशातल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मोठ्या घरांमधून हे चित्र जास्त दिसे. गरिबाघरचं किंवा टाकून दिलेलं मूल घरात यायचं, वाढायचं, घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसायचं आणि जरा मोठं झालं की कामाला लागायचं. पगार नाही, वाटा नाही, बहुतेकदा लग्नही नाही. माया नसायचीच असं म्हणता येणार नाही. कित्येक घरांत पोसक्यानेच दोन-दोन पिढ्यांची मुलं वाढवली. पण घरातली त्याची जागा ठरलेली असे.

याला कायद्याचंही एक कारण होतं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि त्यात दत्तक नावाचं प्रकरणच नव्हतं. पोर्तुगालने दत्तक पुन्हा कायद्यात आणलं ते १९६६ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर पाच वर्षांनी. हिंदूंच्या दत्तकाला १८८० च्या चालीरीतींच्या संहितेत जागा मिळाली होती. ख्रिस्ती कुटुंबाला मात्र परकं मूल कायद्याने आपलं करून घेण्याची वाटच नव्हती. मृत्युपत्र करून काही देता येई, पण त्यासाठी ते करायची इच्छा हवी. त्याच्याही मागे गेलं तर १५५९ सालचं राजाचं फर्मान दिसतं: आईबाप आणि आजीआजोबाही नसलेली हिंदूंची मुलं ताब्यात घेऊन जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा द्यावा, शिकवावं. पोरक्या मुलाचं पुढे काय करायचं हा निर्णय गोव्यात फार जुन्या काळापासून मुलाच्या सोयीने झालेला नाही.

आता विज्ञानाकडे येते. दत्तक मुलांचा अभ्यास दिसतो त्यापेक्षा फार अवघड असतो. दत्तक घेणारे सहसा सुस्थितीतले असतात आणि निवडतानाही निरोगी, हसरं मूल आधी उचललं जातं. त्यामुळे दत्तक गेलेलं मूल पुढे चांगलं निघालं, तर ते घरामुळे की मुळातच ते धडधाकट होतं म्हणून, हे सांगता येत नाही. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. नाशिककडच्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि त्याच माणसाने १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गोष्ट मोठी आहे आणि खरी आहे. पण एका गोष्टीवरून नियम काढता येत नाही. निवडून आणलेल्या मुलाच्या गोष्टीवरून तर नाहीच.

फ्रान्समध्ये मिशेल डुइम आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली याला एक चांगला उपाय शोधला. लहानपणी आबाळ झालेली आणि चार ते सहा वर्षांची असताना दत्तक गेलेली ६५ मुलं त्यांनी निवडली. दत्तक जाण्यापूर्वी त्यांचा बुद्ध्यांक मोजलेला होता: सरासरी ७७. किशोरवयात पुन्हा मोजला तेव्हा गरीब घरात गेलेल्यांचा सुमारे ८ गुणांनी वाढला होता, सुखवस्तू घरात गेलेल्यांचा जवळजवळ २०. म्हणजे सहाव्या वर्षीही दार बंद झालेलं नसतं. स्वीडनमध्ये याहून सरळ तुलना करता आली. सख्ख्या भावांपैकी एक जन्मघरी राहिला आणि दुसरा दत्तक गेला, अशा ४३६ जोड्या-गटांत दत्तक गेलेल्या भावाचा बुद्ध्यांक सरासरी ४.४ गुणांनी जास्त निघाला. एवढासा फरक मोठा नव्हे असं कोणी म्हणेल. मला तो मोठा वाटतो, कारण इथे रक्त बऱ्याच अंशी तेच आहे. बदललं ते घर.

मूल किती लहान असताना घरात येतं याला किती महत्त्व आहे, ते रुमानियाने जगाला फार क्रूरपणे दाखवलं. तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ पासून गर्भपातावर बंदी होती. १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथगृहांमध्ये लाखाहून जास्त मुलं होती. एका दाईवर कितीतरी पाळणे. दूध वेळेवर, पण मांडी कोणाचीच नाही. त्यांतली १६५ मुलं ब्रिटिश कुटुंबांनी दत्तक घेतली आणि मायकेल रटर यांच्या गटाने ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांचा अनाथगृहातला काळ सहा महिन्यांपेक्षा कमी होता, ती मुलं ब्रिटनमध्येच दत्तक गेलेल्या मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ काढलेल्यांपैकी अनेकांना लक्ष टिकवणं, माणसं जोडणं तरुणपणीही जड गेलं. मग मेंदूची चित्रं घेतली. प्रेमळ, सुस्थितीतल्या घरात वीसेक वर्षं काढूनही त्यांच्या मेंदूचं आकारमान ब्रिटिश दत्तकांपेक्षा सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी होतं. अनाथगृहातला प्रत्येक जास्तीचा महिना थोडी थोडी घट दाखवत होता. तरी त्याच गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे कसलाच त्रास झाला नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० साली सुरू झालेल्या प्रयोगात १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे दिली आणि उरलेली होती तिथे ठेवली. हा प्रयोग करावा का यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७३, घरात गेलेल्यांचा ८१ आणि सुरुवातीपासून आईबापांजवळ राहिलेल्यांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांचा फायदा सर्वांत जास्त होता. त्या वयात मूल हुंकार देतं, समोरचं माणूस त्याला उत्तर देतं, आणि या देवाणघेवाणीतून मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. उत्तर देणारं ठरलेलं माणूसच नसेल तर त्या जोडण्या वापराविना विरतात. आपल्याकडची म्हातारी बाई तान्ह्याशी तासन्‌तास बोलत बसते, तेव्हा ती हेच काम करत असते.

शरीरावरचा परिणाम मला सर्वांत जास्त चकित करून गेला, आणि तो आपल्या मुलींचा आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. कुपोषित मुली भरपूर खायला मिळाल्यावर भराभर वाढल्या. पण शरीराने ती सुबत्ता ओळखली आणि वयात येण्याची घाई केली. पहिली पाळी निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच आली, एकीला तर सात वर्षांची असताना. स्वीडिश मुलींना ती साधारण तेराच्या सुमारास येते. लवकर वयात आल्यामुळे हाडांची वाढ लवकर थांबली आणि उंची सरासरी १५४ सेंटिमीटरवरच राहिली. आधीची उपासमार आणि नंतरचं पोटभर जेवण, दोन्हींची नोंद शरीराने ठेवली.

आणि जन्मघराची नोंद तर कायमचीच. डेन्मार्कमध्ये १९२४ ते १९४७ दरम्यानच्या दत्तकांची सरकारी नोंद आहे. तिच्यातून निघालेल्या १९८६ च्या अभ्यासात ५४० प्रौढ दत्तकांचा लठ्ठपणा वा सडपातळपणा त्यांच्या जन्मदात्यांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी नाही. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात जन्मदाते पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने किंवा हृदयविकाराने गेले असतील, तर दत्तक गेलेल्या मुलालाही त्याच कारणाने लवकर मरणाचा धोका कैक पटींनी वाढलेला दिसला.

पण या सगळ्या अभ्यासांतलं मूल 'मूल' म्हणून घरात गेलेलं आहे. पोसक्याचं काय? त्याच्या जवळ जाणारे दोन दाखले इतिहासात सापडतात. १८५४ ते १९२९ या काळात अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या शहरांमधून सुमारे दोन लाख मुलं आगगाडीने पश्चिमेकडे नेली गेली. स्टेशनावर उभं करून शेतकऱ्यांनी त्यांना निवडलं. काहींना आईबाप मिळाले, तर मोठ्या मुलांना पुष्कळदा नांगर. दुसरा दाखला तैवानचा. तिथे मुलगी तान्हेपणीच भावी सून म्हणून घरात आणायची रीत होती. ती आपल्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर भावंडासारखी वाढे. आर्थर वुल्फ यांनी जपानी अमलातल्या घरोघरच्या नोंदी चाळल्या, तेव्हा अशा लग्नांमध्ये घटस्फोट जास्त आणि मुलं कमी असल्याचं दिसलं. मुलीला ज्या कामासाठी आणलं, त्या कामाचा वळ तिच्या सगळ्या आयुष्यावर उमटला.

म्हणून मला वाटतं, 'परकं मूल वाढवलं' हे शब्द पुरेसे नाहीत. ते कितव्या महिन्यात आलं, त्याच्या हुंकाराला कोणी उत्तर दिलं का, आणि पंगतीत त्याचं पान कुठे मांडलं, हे विचारायला हवं. आता कायद्याने हा भेद मोडला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला मूल दत्तक घेता येतं आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क मिळतात. गोव्यातल्या त्या मुलींना हे फार उशिरा झालं.

फोटोतली ती मुलगी मी म्हातारी झालेली पाहिली. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, आजीची जुनी लुगडी नेसायची, सगळ्यांची पानं उठल्यावर चुलीपाशी बसून पेज प्यायची. माझ्या आईला आणि मामांना तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. सत्तरीत तिच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा आजीबरोबर तिला दवाखान्यात घेऊन मी गेले होते. तरुण डॉक्टरांनी नाव लिहून घेतलं, वय विचारलं. मग म्हणाले, आईला किंवा वडिलांना हृदयाचा त्रास होता का? आजी गप्प राहिली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. उत्तर तिनेच दिलं, "म्हाका खबर ना, पुता." डॉक्टरांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.