गळ टाकून बसलेला मेंदू

हौसेने मासे गरवणाऱ्याला लोक एक तर रिकामटेकडा समजतात, नाहीतर संत. ‘काय संयम आहे हो तुमच्याकडे!’ हे त्याला हमखास ऐकावं लागतं. पण गळाच्या दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे टक लावून बसलेल्या माणसाच्या डोक्यात संतांची शांतता नसते. तिथे हिशेब चाललेला असतो, आणि या छंदाची खरी गंमत त्या हिशेबातच आहे.

या हिशेबात मेंदूतलं डोपामिन हे रसायन येतं. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची टूम आहे. प्रकरण त्याहून रंजक आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे विद्युतसंकेत टिपले. ध्यानीमनी नसताना रसाचा थेंब मिळाला की या पेशी झपाट्याने संकेत सोडत. रसाआधी ठरावीक खूण दाखवत गेल्यावर मात्र त्या खूण दिसताच चेतायला लागल्या. रस मिळाला तरी ढिम्म! आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्यांचे संकेत नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे त्या सुख मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत मोजत होत्या.

2003 मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळी चित्रं, आणि प्रत्येकामागे रस मिळण्याची शक्यता वेगळी: शून्य, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. चित्र दिसल्यापासून रसाची वेळ येईपर्यंतच्या दोन सेकंदांत पेशींचे संकेत हळूहळू चढत गेले. हा चढ सर्वाधिक कधी? शक्यता निम्मी असताना. खात्री असली की चढ जवळपास नाहीच. या चढाचा अर्थ काय लावायचा, यावर मेंदूतज्ज्ञांत वाद आहेत. पण बूच किंचित थरथरतं, पुन्हा स्थिर होतं, दोरा बोटांना जेमतेम जाणवेल इतका ताणला जातो, तेव्हा मासा आहे की नुसती लाट, याची शक्यताही अशीच अर्धीमुर्धी असते.

मग हा जुगारच झाला की! थोडाफार आहेच. नक्की कितव्या खेपेला फळ मिळेल हे ठाऊक नसलं की प्राणी प्रयत्न सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. त्यांचाच 1948 चा प्रयोग मला जास्त आवडतो. कबुतराने काहीही केलं तरी दाणे ठरावीक वेळानेच येत. तरी एक कबुतर गोल गोल फिरायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. योगायोगाने जुळलेली कृती त्यांनी धरून ठेवली. लकी टोपी घातल्याशिवाय गळ न टाकणारे याच पंथातले.

जुगाराच्या यंत्रापासून मात्र शिकण्यासारखं काही नसतं, पाण्यापासून असतं. मासे शीतरक्ताचे, त्यामुळे पाण्याच्या तापमानाबरोबर त्यांची भूक बदलते. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून भर उन्हात उथळ पाणी सोडून मासे सावलीत किंवा वाहत्या धारेकडे सरकतात. हे ओळखून गळाची जागा बदलली आणि तिथे बूच बुडालं, तर अंदाज सुधारल्याची पावती लगेच मिळते. नाहीच बुडालं, तर निदान एक अंदाज खोडता येतो.